कालव्याकाठचा अडकित्ता

राग आला की माणसांचा आवाज चढतो. उत्तराबाईंचा उतरत असे. न्यू जर्सीतल्या ज्या छोट्या कॉलेजात उत्तरा देवस्थळी लोकसाहित्य शिकवत, तिथल्या मुलांना हे पक्के ठाऊक होते. वसंत ऋतूतल्या सत्रात बाई 'सिनेमातले आयर्लंड' या विषयावर बोलू लागल्या की मागच्या रांगेतली मुले आपण होऊन पुढे येऊन बसत. कत्तल चालली आहे हे सगळ्यांना कळे; सुरीचा आवाज मात्र ऐकू येत नसे.

कत्तल करण्याजोगा ऐवजही पुष्कळ होता. आयर्लंडच्या कथांत एक बाई असते. जुन्या घराण्यातले कोणी जायचे झाले की ती घराबाहेर येऊन रडते. ती कोणाला हात लावत नाही, शाप देत नाही. तिला फक्त इतरांच्या आधी कळते आणि तिला वाईट वाटते. सिनेमावाल्यांनी या बाईला नखे दिली, कानापर्यंत फाटणारा जबडा दिला आणि तिच्याकरवी गावेच्या गावे मारून टाकली. "तार घेऊन आलेल्या पोस्टमनवर खुनाचा खटला भरावा, त्यातला हा न्याय," असे उत्तराबाई अगदी मवाळ स्वरात म्हणत. समुद्रातून वर येऊन सील प्राण्याची कातडी उतरवणाऱ्या बाईची ती कातडी लपवून तिला बायको करून घेणारा कोळी कथेत चोर असतो. पडद्यावर तो निळ्या डोळ्यांचा नायक असतो आणि चोरीच्या वेळी मागे बासरी वाजते. टेकड्यांखाली राहणाऱ्या अदृश्य रहिवाशांचे नाव उच्चारायलाही आयरिश शेतकरी धजत नसे, 'ती भली मंडळी' असे म्हणून तो विषय बदलत असे. त्या मंडळींना हिरव्या टोप्या चढवून हॉलिवूडने त्यांच्याकडून नाच करवून घेतला होता. "दुष्काळाने ज्या देशाची माणसे नेली," बाई शेवटी म्हणत, "त्या देशाकडे भुते तेवढी उरली होती. तीही तुम्ही राहू दिली नाहीत." मग त्या हजेरी घेत.

पुण्याहून संस्कृत शिकून भाषाशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेली मुलगी, प्राचीन आयरिश हा एक जोडविषय घ्यावा लागला म्हणून त्या भाषेत शिरली आणि पुन्हा बाहेर आली नाही, एवढीच खरे तर हकीकत. पण मराठी मंडळाच्या गणपतीत तिथल्या जुन्या सभासद रेणूमावशी दरवर्षी नव्याने विचारत, "अगं, पण आयर्लंडच का? आपल्याकडे काय भुतं कमी आहेत?"

"आपल्या भुतांना तुम्ही आहात, मावशी," उत्तराबाई म्हणत. "त्यांना कोणी नाही."

अशा विदुषीला सिनेमावाल्यांची बोलावणी येणे क्रमप्राप्त होते. पहिल्या बोलावण्याला त्या भुलल्या. पटकथेवर त्यांनी पानोपान टिपणे लिहिली. निर्मात्याने मनःपूर्वक आभार मानले आणि एकही टिपण न वाचता शेवटी मोठ्या अक्षरांत 'लोकसाहित्य सल्लागार' म्हणून त्यांचे नाव झळकवले, अगदी त्या जबडा फाटलेल्या बाईच्या पाठोपाठ. त्या दिवसापासून कोणत्याही चित्रपटाला नाव द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. सल्लागार म्हणजे ज्याचा सल्ला घेत नाहीत, पण नाव घेतात तो, अशी त्यांची व्याख्या होती. पुढे कितीजण आले आणि हात हलवत परत गेले.

आणि मग त्यांच्या पोटच्या मुलीने आयर्लंडवर फिल्म केली.

रुही जर्सी सिटीत राही, पोटापाण्यासाठी इतरांच्या जाहिराती एडिट करी, आणि गेली दोन वर्षे सुट्ट्या साठवून साठवून तिने स्वतःची पहिली फिल्म उभी केली होती, अर्ध्या तासाची. शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन पार्सिपनीला आईबाबांच्या घरी आली. जेवणे झाली, तिचे बाबा अरुण यांनी टीव्हीला वायर जोडून दिली, आणि रुही आईसमोर उभी राहिली.

"आई, या मंडेला फिल्म लॉक होते. म्हणजे त्यानंतर काहीच चेंज करता येत नाही. शेवटची नावंसुद्धा नाही."

"बरं."

"मला तुझं नाव हवंय. कन्सल्टंट म्हणून."

उत्तराबाई चष्मा पुसत राहिल्या. "मी नाव देत नाही, हे तुला माहीत आहे."

"माहितीये. म्हणूनच हवंय. तू आयरिश फिल्म्सचं काय करतेस ते मी लहानपणापासून बघतेय. माझी फिल्म तुझ्या हातून जिवंत सुटली, तर आय विल नो इट्स रिअल. नाही सुटली तर..." तिने खांदे उडवले, पण ते नीट उडाले नाहीत. "जस्ट वॉच इट. आणि मला माझी आई म्हणून मार्क देऊ नकोस, प्लीज."

"ती सवय मला कधीच नव्हती," उत्तराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली.

हे वाक्य खरे होते, आणि घरात ते सर्वांनाच माहीत होते. म्हणूनच अरुण मुलीशेजारी सोफ्यावर अशा चेहऱ्याने बसले, जसे लोक ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात.

फिल्म सुरू झाली. पार्सिपनीपासून हाकेच्या अंतरावरून पूर्वी एक कालवा जात असे. तो खणायला आयर्लंडहून मजूर आले होते. त्या कालव्याकाठच्या एका झोपडीत एक बाई, तिचा लहान मुलगा आणि पाळण्यातले बाळ. नवरा खणायला गेलेला. तापाची साथ. बाळ एकाएकी रडायचे थांबते, नुसते बघत राहते, आणि हे आपले बाळ नव्हे, भल्या मंडळींनी ते बदलून नेले आहे, असे त्या बाईला वाटू लागते.

उत्तराबाईंची पेन्सिल कागदावर टेकवून तयार होती. हिरवा धूर येईल, मग पेन्सिल चालेल. धूर आला नाही. बाळाचे डोळे लाल होतील, झाले नाहीत. मोठ्या मुलाला त्या बाईने परकर नेसवला होता, कारण भल्या मंडळींना मुलगे हवे असतात आणि मुलगी समजून ती पुढे निघून जातात. हे कोणत्याही सिनेमात उत्तराबाईंनी आजवर पाहिले नव्हते. आपल्याकडे वाचलेल्या मुलाचे नाव दगडू-धोंडू ठेवतात त्याच जातीची ही युक्ती, असे त्या वर्गात सांगत. बाईने एकदाही भल्या मंडळींचे खरे नाव घेतले नाही. दूध सांडले तेव्हा ती कोणाची तरी क्षमा मागितल्यासारखे पुटपुटली. पाळण्यात तिने काहीतरी ठेवले आणि त्याला लाल चिंधी गुंडाळली; लाल धागा आयर्लंडात गाईच्या शेपटीलासुद्धा बांधत, म्हणून उत्तराबाईंनी कागदावर पहिलीच खूण केली: बरोबर.

नंतर बाळाचे काय झाले हे फिल्मने सांगितलेच नाही. बदललेले बाळ ओळखण्याच्या ज्या क्रूर परीक्षा कथांत असतात, त्यांतली एकही त्या बाईने घेतली नाही. तिने बाळाला उचलले, आणि हे माझे असो वा नसो, आता माझ्यापाशी आहे, अशा तऱ्हेने छातीशी धरून ती बसून राहिली. कालव्याचे पाणी दिसले. फिल्म संपली.

उत्तराबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. व्यावसायिक सवयीने त्यांनी ती पुन्हा उचलली.

"पाळण्याचा शॉट परत दाखव," त्या म्हणाल्या.

रुहीने दाखवला.

"थांब. इथे."

पडद्यावर, आयरिश मजुराच्या झोपडीत, गवताच्या उशीखाली अर्धवट सरकवलेला, लाल चिंधीने बांधलेला, पितळी मोराच्या मुठींचा, लखलखीत अडकित्ता होता.

उत्तराबाईंचा आवाज एकदम खाली गेला.

"रुही, हे काय आहे?"

"आयर्न. भली मंडळी आयर्नला घाबरतात."

"ते मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. चिमटा. चुलीचा लोखंडी चिमटा पाळण्यावर आडवा ठेवतात. हा अडकित्ता आहे. हा बहुधा आपल्या घरातला अडकित्ता आहे."

"मी दिला," अरुण म्हणाले. "प्रॉप हवाय म्हणाली. तेव्हापासून एडिसनच्या इंडियन दुकानातून कातरलेली सुपारी आणतोय. तिला काही चव नाही."

"अरुण, एकोणिसाव्या शतकातली आयरिश बाई जेवण झाल्यावर सुपारी कातरत होती का?"

"कातरत असेल, बिचारी. नवरा दिवसभर कालव्यावर. वेळ जायला नको?"

रुही हसली आणि लगेच गप्प झाली, कारण आई हसली नव्हती.

"हा शॉट काढून टाक," उत्तराबाई म्हणाल्या. "नुसता पाळण्याचा शॉट परत घे. चिमटा मी देते."

"नाही घेता येत. बाळ आता चालतं, आई. ही हॅज टीथ."

"मग हा तुकडा नकोच."

"तो तुकडा म्हणजेच फिल्म आहे!" रुहीचा आवाज आता चढला, रागाच्या बाबतीत ती बाबांवर गेली होती. "अँड यू नो व्हॉट? तुझ्याच पुस्तकाचं पहिलं वाक्य आहे, अ व्हेरिएंट इज नॉट अ मिस्टेक. पाठभेद म्हणजे चूक नव्हे. पेज वन, आई. सगळं कॉलेज ते टी-शर्टवर घालून फिरतं."

"पाठभेद आकाशातून पडत नाही," उत्तराबाई इतक्या हळू म्हणाल्या की अरुण नकळत पुढे झुकले. "कथा एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि जाताना बदलते. तिला सांगणारं माणूस असावं लागतं. तू दुकानातून चिमटा आणायचा कंटाळा केलास, त्याला मी पाठभेद म्हणू? कोणत्या आयरिश आजीने तुला अडकित्ता सांगितला?"

"तू सांगितलास."

"मी?"

"तू, आई."

"मी आयुष्यात कधीही..."

"जुन्या अपार्टमेंटमध्ये. तुझा थिसिस चालू होता. मी म्हणायचे की कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये कोणीतरी आहे. माझ्या सगळ्या फ्रेंड्सच्या आया म्हणायच्या, देअर इज नोबडी देअर, स्वीटी. तू काय म्हणालीस माहितीये? 'असतील. भली मंडळी असतील. नाव घेऊ नकोस त्यांचं.'"

अरुणनी तोंडावर हात धरला.

"मग तू मला सगळं सांगितलंस. टेकडी, बाळं, परकर, सगळं. आणि म्हणालीस की चिमटा ठेवला की ते येत नाहीत. आणि आपल्याकडे चिमटा नव्हता, म्हणून..."

"चिमटा होता," उत्तराबाई म्हणाल्या. "स्टेनलेस स्टीलचा होता."

दोघेही त्यांच्याकडे बघू लागले.

"स्टेनलेसबद्दल कुठेही नोंद नाही," त्या काहीशा ताठरपणे म्हणाल्या. "उगाच धोका कशाला पत्करायचा? अडकित्त्याचं पातं लोखंडी होतं."

आणि एवढे बोलल्यावर ते सगळे खोलीत येऊन उभे राहिले: बेसमेंटमधल्या वॉशिंग मशीनची घरघर, जेवणाच्या टेबलावर पसरलेली झेरॉक्सची चळत, आणि पायजम्यात दारात उभी असलेली, झोपायला मुळीच तयार नसलेली पाच वर्षांची मुलगी. दुसरी कोणतीही गोष्ट तेव्हा त्यांना आठवत नसे. चिऊचे घर मेणाचे की काऊचे, हेसुद्धा त्या विसरून गेल्या होत्या. डोक्यात फक्त आयर्लंड होते. जे होते ते त्यांनी मुलीला दिले.

"गंमत आहे," अरुण छताकडे बघत म्हणाले. "तू जन्मलीस तेव्हा माझी आई आली होती, रुही. तिने हाच अडकित्ता तुझ्या उशाखाली ठेवला होता. बाळाच्या उशाशी लोखंड असावं म्हणून. तुझी आई पुष्कळ हसली होती. बिचारीने काढून घेतला."

सासूबाईंचा अडकित्ता सुनेने अखेर आयर्लंडमार्गे स्वीकारला होता. या वाक्यात एका संपूर्ण विद्याशाखेचा इतिहास आहे, असे उत्तराबाईंना वाटून गेले. त्यांनी ते उच्चारले नाही.

"लाल धागा मात्र तू बरोबर दाखवलास," त्या काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाल्या. "तो आयर्लंडात सापडतो. नजर लागू नये म्हणून."

रुहीने पडद्यावरच्या लाल चिंधीकडे बोट केले. मग म्हणाली, "आई, ती माझ्या वेणीची रिबन होती. तू ती अडकित्त्याला गुंडाळायचीस. रोज. मी विचारलं होतं की हे पण भल्या मंडळींसाठी का? तू म्हणालीस, 'नाही गं, हे तुझ्या बोटांसाठी. झोपेत उघडला तर कापेल.'"

उत्तराबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिले. त्यावर एकच खूण होती. अख्ख्या फिल्ममध्ये त्यांनी ज्या एका गोष्टीला शास्त्राधार शोधला होता, ती नेमकी आयर्लंडची नव्हती.

बाहेर शेजाऱ्यांचे लॉन कापण्याचे मशीन सुरू झाले आणि बंद पडले.

"तरीही," उत्तराबाई म्हणाल्या.

"ओह गॉड," रुही म्हणाली.

"तरीही कालव्याकाठी अडकित्ता नव्हता. प्रेक्षकाला तू सांगते आहेस, ही त्या बाईची गोष्ट. ती त्या बाईची नाही. कालव्याकाठच्या बाईबद्दल पार्सिपनीतल्या एका मुलीने जे ऐकलं, ते हे आहे. ते फार..." इथे विशेषण निवडायला त्यांना वेळ लागला. "ते फार चांगलं आहे, रुही. मी पाहिलेल्यांत सगळ्यात चांगलं. पण सांगणारीला तू लपवून ठेवलं आहेस. खोटेपणा आहे तो तिथे. अडकित्त्यात नाही."

रुहीच्या कानांपर्यंत फक्त मधली दोन वाक्ये पोचली असावीत. तिचे डोळे भरले होते आणि ती ते मान्य करत नव्हती. मग हळूहळू शेवटची वाक्येही पोचली.

"म्हणजे सुरुवातीला कोणाचा तरी आवाज हवा."

"हो."

"सांगणारीचा."

"तेच म्हणते आहे मी."

रुहीने बॅगेतून रेकॉर्डर काढला, आणि त्याच बॅगेतून बाबांना परत द्यायला आणलेला, अजून लाल चिंधीत बांधलेला अडकित्ता काढून आईसमोर ठेवला. "मग सांग."

"आत्ता?"

"मंडेला लॉक आहे, आई."

अरुणनी उठून फ्रीज बंद केला, कारण तो गुरगुरतो. मग खिडकी लावून ते कार्पेटवर मांडी घालून बसले. उत्तराबाईंनी घसा साफ केला.

"आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकसमजुतींमध्ये अपहृत बालकाचा कल्पनाबंध..."

"लेक्चर नको, यार!" रुहीने रेकॉर्डर थांबवला. "आई, मी पाच वर्षांची आहे. क्लॉझेटमध्ये कोणीतरी आहे."

उत्तराबाईंनी अडकित्ता हातात घेतला. चिंधी थोडी सैल झाली होती. बोलायच्या आधी त्यांनी ती सोडवली आणि पात्यावरून पुन्हा घट्ट गुंडाळली, टोक आत खोचले. असे करत असल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही. रुहीच्या आले. तिने रेकॉर्डर सुरू केला.

"एक बाई होती," उत्तराबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. अरुणनी पस्तीस वर्षे तो आवाज उतरताना ऐकला होता, आणि उतरला की खोलीतून निघून जावे हे ते अनुभवाने शिकले होते. या वेळी ते पुढे सरकले. "एक बाई होती. ती समुद्र ओलांडून आली. इथे तिचं कोणी नव्हतं. तिला वाटलं, चला, माणसं मागे राहिली, तशी आपल्याकडची ती भली मंडळीपण मागेच राहिली असतील. त्यांना कुठे बोटीचं तिकीट मिळणार? पण तिने पेटी उघडली ना, तर ती आपली पेटीच्या तळाशी बसलेली. कपड्यांत घड्या घालून आलेली. बाई म्हणाली, आलात? आता आलाच आहात तर राहा. पण माझ्या बाळाकडे बघायचं नाही. आणि तिने काय केलं माहीत आहे का..."

गोष्ट संपली तेव्हा सूर्य लॉनच्या टोकाला गेला होता. त्यातली पहिली काही वाक्ये रुहीने तिथेच फिल्मच्या सुरुवातीला, काळ्या पडद्यावर बसवली. न्यू जर्सीतल्या कालव्यावरच्या आयरिश बाईची फिल्म आता मराठीत सुरू होत होती, खाली इंग्रजी अक्षरे. हे कोणत्याही परीक्षकाला समजावून सांगता येणार नाही, असे अरुण म्हणाले. ते त्यांना फार आवडले होते.

मग रुहीने शेवटच्या नावांचे पान उघडले आणि आईकडे न बघता टाइप केले: लोकसाहित्य सल्लागार, उत्तरा देवस्थळी.

"ते काढ," उत्तराबाई म्हणाल्या.

रुहीचे हात थांबले. कर्सर नावाच्या शेवटी उघडझाप करत राहिला.

"मी सल्लागार नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "तुला सल्ला मी आज दिला आणि तोही उशिरा. सरक." त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा चढवला आणि आयुष्यभर इतरांच्या आजीबायांबद्दल ज्या शिस्तीने नोंदी केल्या होत्या, त्याच शिस्तीने, दोन बोटांनी, सावकाश टाइप करू लागल्या.

कथन: उत्तरा देवस्थळी, पार्सिपनी, न्यू जर्सी.
ऐकणारी: रुही, वय पाच.
लोखंड: सासूबाईंचे.

रुहीने ते वाचले. मग पुन्हा वाचले. "पण नाव दिलंस तू," ती म्हणाली.

"दिलं. सल्लागार चुकला की त्याचं नाव जातं. सांगणारी बाई चुकत नाही. तिचा पाठभेद असतो."

रुहीने त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि तोंड त्यांच्या केसांत लपवले, आणि उत्तराबाई, ज्यांना कामाच्या वेळी असले काही चालत नसे, लॅपटॉप बंद न करता तशाच बसून राहिल्या.

"आता माझा अडकित्ता मला मिळणार का?" अरुणनी विचारले.

"नाही," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी तो उचलला, चिंधीची गाठ एकदा चाचपून पाहिली आणि रुहीच्या बॅगेत, चार्जरच्या बाजूला, आतल्या कप्प्यात ठेवला. "हा जर्सी सिटीला जाईल. तिथे कपाटं फार मोठी आहेत."

"आई! आय ॲम थर्टी-टू!"

"भली मंडळी वय विचारत नाहीत," उत्तराबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.